बैलगाडीचे चाक
बैलगाडीचे चाक : बैलांच्या ओढीने चालणाऱ्या गाडीचा भार जमिनीवर तोलून धरणारा व आसाभोवती फिरणारा वर्तुळाकार भाग. बैलगाडीचा उपयोग बांधीव सडकेपेक्षा शेत, पाणंद (शेताकडे जाणारी दोन बांधांमधील वाट), ओढ्याचा उतार आणि नदीकाठची मळीची जमीन अशा ठिकाणी अधिक होत आला आहे. त्यामुळे चाकाचे वजन, व्यास, रुंदी आणि त्यावरील धाव यांचा ओढीवर काय परिणाम होतो, हा प्रश्न शेतकरी, सुतार व लोहार यांच्यापुढे फार पूर्वीपासून आहे. एंजिनावर चालणाऱ्या जीप व ट्रॅक्टर या वाहनांच्या बाबतीतही तोच प्रश्न वेगळ्या स्वरूपात उद्भवला. महाराष्ट्रात, विशेषतः कोल्हापूर जिल्ह्याच्या ऊस-पट्ट्यात, लाकडी चाकाकडून रबरी टायरकडे जे स्थित्यंतर झाले, त्यावरून असे दिसते की चाकाच्या सुधारणेने वाचलेली ओढ बैलांच्या वाट्यास क्वचितच आली. ती बहुतांशी वाढीव भाराकडे गेली.

रचना : परंपरागत लाकडी चाकाचे चार मुख्य भाग असतात. मध्यभागी तुंबा, त्यात बसविलेले आरे, आऱ्यांच्या बाहेरील टोकांवर जोडलेले घेराचे कमानदार लाकडी तुकडे आणि त्या सर्वांना आवळून धरणारी लोखंडी पट्टी म्हणजे धाव. तुंब्यातून आसाचे टोक आरपार जाते व चाक निसटू नये म्हणून टोकाशी कुणी घालतात. चाकासाठी दख्खनमध्ये मुख्यत्वे बाभळीचे लाकूड वापरीत; ते चिवट व जड असते. चाकाचा व्यास सामान्यतः १.२ ते १.५ मी. असे.

धाव चढविण्याचे काम सुतार व लोहार मिळून करीत. धावेचे कडे चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करून गोवऱ्यांच्या जाळात तापवीत व तापून वाढलेले असतानाच चाकावर बसवून त्यावर पाणी ओतीत. १.४ मी. व्यासाच्या कड्याचा परिघ सु. ४.४ मी. असतो, तापमान ५००° से. ने वाढले म्हणजे तो सु. २.५ सेंमी. लांबतो. निवताना कडे तेवढेच आवळते आणि आरे, तुंबा व घेर एकजीव होतात. म्हणजे धाव ही केवळ झीज थांबविणारी पट्टी नसून चाकाला बळकटी देणारा बंध आहे. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसले की धाव ढिली होते. अशा वेळी चाके पाण्यात भिजत ठेवण्याची रीत आहे.

ओढीचे गणित : सपाट जमिनीवर चाक फिरविण्यास लागणारी ओढ दोन कारणांनी उत्पन्न होते. पहिले म्हणजे आस व तुंबा यांमधील घर्षण आणि दुसरे म्हणजे जमीन दबल्यामुळे होणारा अवरोध. घर्षण वंगणाने व धारव्याने (बेअरिंगने) कमी करता येते. अवरोधाचे स्वरूप अधिक गुंतागुंतीचे आहे. मऊ जमिनीत चाक रुतते व पुढे सरकताना आपणच केलेल्या खड्ड्याच्या कडेवर त्याला सतत चढावे लागते. चाक मोठे असल्यास ही चढण सौम्य होते. रुंद असल्यास रुतणेच कमी होते. जड असल्यास रुतणे वाढते. फ्रेंच अभियंते आर्थर मॉरीन (१७९५–१८८०) व झ्यूल द्यूप्युई (१८०४–६६) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यावर प्रयोग केले. ओढ व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असते असे मॉरीन यांचे मत होते, तर ती व्यासाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते असे द्यूप्युई यांनी प्रतिपादिले. व्यास वाढला की ओढ घटते याबाबत मात्र दोघांत मतभेद नव्हता. विसाव्या शतकात पोलिश-अमेरिकन अभियंते मिएचिस्लाव बेकर यांनी मातीचा दाब व चाकाचे रुतणे यांचा पद्धतशीर सिद्धांत मांडला (१९५६).

चाकाच्या वजनाचा परिणाम दोन प्रकारे होतो. एक तर ते एकूण भारात मिळते. शिवाय चाक पुढे सरकत असताना फिरतही असल्यामुळे गाडीला वेग देताना घेरावरील प्रत्येक किलोग्रॅम जवळजवळ दुप्पट भरतो. तथापि हा दुसरा परिणाम वेगावर अवलंबून असतो. बैलगाडीचा वेग सेकंदास सु. १ मी. असतो. दोन्ही चाके मिळून घेरावर ६० किग्रॅ. अधिक जड आहेत असे मानले, तरी ती सुरुवातीस फिरती करण्यास लागणारे अधिक कार्य बैलांनी ७५ किग्रॅ.ची ओढ १० सेंमी. लावण्याइतकेही भरत नाही. यामुळेच जड चाकाची गाडी एकदा चालू झाली की कठीण व सपाट वाटेवर फारशी जड वाटत नाही. मऊ रानात व चढावर मात्र तिचे वजन उघड होते. याउलट शर्यतीच्या गाडीला अल्पावधीत मोठा वेग द्यावयाचा असतो, म्हणून सांगली-कोल्हापूर भागातील शर्यतींचे छकडे शक्य तितके हलके बनवितात.

प्राचीन काळ : सिंधू संस्कृतीच्या मोहें-जो-दडो व हडप्पा येथील उत्खननांत मातीच्या खेळण्यातील गाड्या विपुल सापडल्या असून त्यांची चाके बहुधा भरीव आहेत. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये मिळालेल्या ब्राँझ मूर्तींमध्ये दोन बैल जुंपलेला व एक पुरुष उभा असलेला रथ आहे. त्याचीही चाके भरीव दाखविलेली आहेत. भरीव चाक बनविण्यास सोपे व दणकट असते, परंतु त्याचे वजन फार होते. आऱ्यांच्या चाकाने वजन घटले व व्यास वाढविणे शक्य झाले. त्यासाठी मात्र कुशल सुतारकाम व धातूचा बंध यांची आवश्यकता निर्माण झाली. त्यामुळे जुने भरीव चाक सर्वत्र लुप्त झाले नाही. खेडोपाडी ते नव्या चाकाबरोबर दीर्घकाळ टिकून राहिले.

एकोणिसावे शतक : दख्खनमध्ये मराठेशाहीच्या अखेरीपर्यंत लांब पल्ल्याचा माल गाड्यांपेक्षा बैलांच्या पाठीवरून अधिक जात असे. वंजाऱ्यांचे तांडे मीठ, धान्य व कापूस घेऊन घाट चढत-उतरत. पाठीवरच्या एका बैलाचा भार सु. १०० ते १२५ किग्रॅ. एवढाच असे, तरी त्याला रस्ता लागत नसे. गाड्या होत्या त्या अवजड व महाग असून त्यांना अखंड लाकडाची, क्वचित दगडाचीही, चाके असत. त्या गावकुसाच्या आत, खत अथवा दगड वाहण्यासाठी वापरीत आणि त्या ओढण्यास अनेक बैल जोडावे लागत.

या स्थितीत पालट घडविण्याचे श्रेय मुंबई इलाख्याच्या सेवेतील गेसफर्ड या लष्करी अधिकाऱ्यास दिले जाते. त्याने १८३०–४० या दशकात सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे सुधारलेल्या गाड्यांचा कारखाना काढला. आऱ्यांची उंच चाके व लोखंडी धाव असलेली, एका बैलजोडीने ओढता येण्याजोगी गाडी हे त्याच्या रचनेचे वैशिष्ट्य होते. जॉर्ज विंगेट व त्याचे सहकारी याच सुमारास त्या भागात जमीन-महसुलाची पाहणी करीत होते. खेड्यांतील गाड्यांची वाढती संख्या हे भरभराटीचे लक्षण म्हणून महसुली अहवालांत नोंदले जाऊ लागले. स्थानिक सुतारांनी हा नमुना उचलला व आपापल्या जमिनीनुसार त्यात फेरफार केले. काळ्या जमिनीच्या भागात घेर रुंद व चाक मोठे करीत, तर खडकाळ माळावर चाक आटोपशीर व धाव जाड ठेवीत. बैलांची पैदासही या गरजेशी निगडित होती. कृष्णाकाठच्या चिकण काळ्या जमिनीत जड ओढीसाठी कृष्णा खोरे ही थोराड जात विकसित झाली, तर माणदेश व त्यालगतच्या प्रदेशातील चपळ खिलार जात हलक्या व जलद गाडीसाठी पसंत केली गेली.

गाडीची धाव व सडक यांचे वैर मात्र आरंभापासूनचे आहे. पाच सेंमी. रुंदीच्या धावेवर ५०० किग्रॅ. भार असेल आणि कठीण सडकेवर तिचा सु. ३ सेंमी. लांबीचा भागच टेकत असेल, तर दर चौ. सेंमी.वर सु. ३३ किग्रॅ. दाब पडतो. खडीच्या सडकेत यामुळे खोल चाकोऱ्या पडत. एकदा चाकोरी पडली की पुढील प्रत्येक गाडी तिच्यातूनच जाई आणि ती आणखी खोल होई. मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या व १९२८ मध्ये अहवाल सादर केलेल्या रस्ते-विकास समितीपुढे मोटारी व बैलगाड्या या दोन्ही वाहनांना पेलतील असे रस्ते करण्याचा प्रश्न होता. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन रोड्स काँग्रेसमधील अभियंत्यांनाही लोखंडी धावेमुळे होणाऱ्या हानीचा विचार पुढे अनेक वर्षे करावा लागला. सडक टिकवावयाची तर धाव रुंद हवी. धाव रुंद केली तर चाक जड होते. आणि चाक जड झाले तर शेतातून निघताना बैलांना त्रास होतो, असा हा पेच होता.

रबरी टायर : हवा भरलेल्या टायरचे पहिले एकस्व रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले; परंतु त्याचा प्रसार जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये सायकलीसाठी केलेल्या टायरपासून झाला. अमेरिकेत १९३०–४० या दशकाच्या प्रारंभी ट्रॅक्टरांना लोखंडी चाकांऐवजी हवेचे टायर बसविले जाऊ लागले. भारतात डनलॉप कंपनीचा बंगालमधील साहागंज येथील कारखाना १९३६ मध्ये सुरू झाला आणि जनावरांनी ओढावयाच्या गाड्यांसाठी खास टायर, पोलादी चाकबंद व धारवे असलेला आस असा संच बाजारात आला. उत्तर भारतातील अनेक भागांत अशा गाडीला ‘डनलॉप’ हेच नाव पडले. पश्चिम महाराष्ट्रात ती ‘टायरगाडी’ म्हणून ओळखली जाते.

या गाडीसाठी रूढ असलेल्या ८.००–१९ या मापाच्या टायरचा बाह्य व्यास सु. ९० सेंमी. भरतो. म्हणजे लाकडी चाकापेक्षा तो पुष्कळच लहान असतो. मॉरीन व द्यूप्युई यांच्या नियमाप्रमाणे त्याची ओढ वाढावयास हवी, परंतु कठीण वाटेवर ती निम्म्याहूनही कमी होते. याची कारणे तीन आहेत. धारव्यांमुळे आसाजवळील घर्षण अत्यल्प होते. टायर वाटेवरील खडा गिळून टाकतो. लोखंडी चाकाला मात्र त्या खड्यावर संपूर्ण भार उचलावा लागतो. शिवाय टायरचा जमिनीवरील दाब साधारणपणे आतील हवेच्या दाबाइतकाच, म्हणजे दर चौ. सेंमी.स सु. ३ किग्रॅ.च्या आसपास, राहतो. लोखंडी धावेच्या तुलनेत तो सु. एक-दशांश आहे. त्यामुळे सडकही वाचते. चिखलात मात्र हा लाभ बराचसा नाहीसा होतो. पावसाळ्यात तळापर्यंत ओल्या झालेल्या काळ्या रानात लहान व्यासाचा टायर आसापर्यंत रुततो, तर उंच लाकडी चाक चिखल कापून खालच्या घट्ट थरावर टेकते. टायरगाडी आल्यानंतरही अनेक शेतकऱ्यांनी लाकडी चाकांची गाडी मोडीत काढली नाही, त्याचे हे एक कारण होय.

कोल्हापूर व उचगाव परिसर : टायरगाडीचा प्रसार मुख्यत्वे उसामुळे झाला. कोल्हापूर हा गुळाचा जुना जिल्हा. शाहू महाराजांच्या काळात १८९५ मध्ये शाहूपुरी ही बाजारपेठ वसविण्यात आली आणि कोल्हापूर-मिरज लोहमार्ग (१८९१) हाताशी असल्यामुळे येथील गूळ दूरवर जाऊ लागला. गुळाच्या व्यवस्थेत गुऱ्हाळ शेताजवळ असे. ऊस फडातून गुऱ्हाळापर्यंत थोडे अंतरच न्यावा लागे आणि पेठेत जाई तो गूळ. शंभर किग्रॅ. उसापासून साधारणतः दहा ते बारा किग्रॅ. गूळ मिळतो. म्हणजे लांबच्या वाटेवर बैलांना उसाच्या वजनाचा सु. एक-दशांशच ओढावा लागे.

साखर कारखान्यांनी हे प्रमाण उलटे केले. कोल्हापूरजवळ कसबा बावडा येथे १९३०–४० या दशकात साखर कारखाना निघाला आणि स्वातंत्र्योत्तर काळात सहकारी कारखान्यांची मालिका जिल्ह्यात उभी राहिली. आता संपूर्ण ऊस, पाण्यासह, कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत नेणे भाग पडले. तोडलेल्या उसातील साखर लवकर घटत असल्याने वाहतूक अखंड व जलद हवी होती. एकाच शेतातून पूर्वीच्या सु. दसपट वजन काही किलोमीटर ओढावयाचे, तर लाकडी चाकाची गाडी अपुरी पडणे अपरिहार्य होते.

करवीर तालुक्यातील उचगाव हे गाव या स्थित्यंतराच्या दृष्टीने लक्षणीय ठिकाणी वसलेले आहे. कोल्हापूर शहराच्या पूर्वेस असलेल्या या गावाजवळून पुणे–बंगळूर महामार्ग जातो. शिरोली व गोकुळ शिरगाव ही औद्योगिक क्षेत्रे त्याच महामार्गावर दोन बाजूंस आहेत आणि पंचगंगेच्या खोऱ्यातील उसाची शेती लगत आहे. त्यामुळे फडातून पाणंदीने येणारी गाडी अल्प अंतरातच डांबरी सडकेवर येते. शेत, पाणंद व महामार्ग या तिन्ही प्रकारच्या जमिनींवर एकच चाक चालवावे लागते आणि त्यांच्या गरजा परस्परविरोधी असतात. शेताला उंच व रुंद चाक हवे, पाणंदीला दणकट चाक हवे आणि सडकेला मऊ धाव हवी. टायरगाडी ही यांतील तडजोड होय. कोल्हापूरच्या ओतकामाच्या व यंत्रभागांच्या कारखान्यांनी तेल-एंजिने, ट्रॅक्टर व मोटारी यांसाठी बिडाचे भाग पुरविण्यास सुरुवात केल्यावर चाक ही वस्तू सुतार-लोहारांच्या हातून कारखान्याकडे गेली. धाव चढविण्याचे काम कमी झाले आणि त्याबरोबर बलुत्याच्या व्यवस्थेतील एक दुवा सुटला.

ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, येणाऱ्या मजुरांच्या टोळ्यांमध्ये गाडीवाल्यांचा वर्ग वेगळा असतो. बैलजोडी मजुराची व टायरगाडी कारखान्याने भाड्याने दिलेली, अशी पद्धत अनेक ठिकाणी रूढ झाली. तोडणी व वाहतूक यांचा मोबदला टनावर ठरतो. गाडीत किती ऊस भरला हे कारखान्याच्या वजनकाट्यावरच कळते. त्यामुळे जितका भार अधिक तितकी खेप फायद्याची, असा हिशेब साहजिकच मांडला जातो. दोन टनांहून अधिक ऊस लादलेली गाडी एका बैलजोडीने ओढणे ही हंगामातील नित्याची गोष्ट बनली.

भार व चढ : टायरगाडी सोपी जाते, म्हणून तिच्यात अधिक भार घालणे योग्य, ही समजूत सपाट सडकेपुरतीच खरी आहे. प्रत्येकी ३५० किग्रॅ. वजनाची बैलजोडी दिवसभर टिकेल अशी ओढ आपल्या वजनाच्या सु. दहा ते बारा टक्के, म्हणजे ७० ते ८० किग्रॅ. इतकी, लावू शकते. ढोबळमानाने पाहता कच्च्या वाटेवर लोखंडी धावेच्या गाडीस एकूण वजनाच्या सु. पंधराव्या भागाइतकी ओढ लागते. त्यामुळे जोडीला सु. १,१०० किग्रॅ.ची भरली गाडी झेपते. डांबरी सडकेवर टायरगाडीला सु. पन्नासाव्या भागाइतकीच ओढ पुरते, ३,००० किग्रॅ.ची भरली गाडीही ६० किग्रॅ. ओढीत चालते. येथवर टायरचा विजय निर्विवाद आहे.

परंतु वीस मीटरला एक मीटर असा चढ लागला की वजनाच्या विसाव्या भागाइतकी ओढ वाढते आणि ती चाकावर अवलंबून नसते. लोखंडी धावेच्या १,१०० किग्रॅ.च्या गाडीला त्या चढावर सु. १३० किग्रॅ. ओढ लागेल, टायरच्या ३,००० किग्रॅ.च्या गाडीला २१० किग्रॅ. लागेल. सपाटीवर जी गाडी हलकी होती तीच चढावर पावणेदोन पटींहून कमी नाही अशा अंतराने नव्हे, तरी दीडपटीहून अधिक जड ठरते. म्हणजेच बैलांना नित्याच्या शक्तीच्या जवळजवळ तिप्पट जोर करावा लागतो. बैल थोडा वेळ तसा जोर करू शकतो. वारंवार केल्यास खांदा सुजतो, गुडघे टेकतात. उतारावर याच्या उलट घडते. लोखंडी चाकाचा अवरोध ब्रेकसारखा उपयोगी पडत असे. सहज फिरणाऱ्या टायरला ब्रेक नसेल, तर संपूर्ण भार जुवावरून बैलांच्या मानेवर येतो. दुचाकी गाडीत भार आसाच्या पुढे अधिक पडला तरी मानेवरील ओझे वाढते. फडातून निघताना, पाणंदीवरून सडकेवर चढताना आणि ओढ्याचा उतार उतरताना होणाऱ्या इजांचे मूळ यात आहे.

कायदा : प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली १९६५ मध्ये ओढीच्या व ओझ्याच्या जनावरांविषयी नियम करण्यात आले. त्यांत दुचाकी गाडीच्या भाराची कमाल मर्यादा चाकाच्या प्रकारानुसार ठरविली आहे. मध्यम बैलासाठी हवेचे टायर नसल्यास ७०० किग्रॅ., टायर असल्यास १,०५० किग्रॅ. व धारवे बसविलेले असल्यास १,४०० किग्रॅ. अशी ही चढती श्रेणी आहे. म्हणजे चाक सुधारले की मर्यादा दुपटीपर्यंत वाढते. सुधारणेचा लाभ भाराला मिळावा हे तत्त्व येथे कायद्यानेच मान्य केलेले दिसते. तथापि नियम करणाऱ्यांना चढाच्या गणिताची जाणीव होती. तीस मीटरला तीन मीटरहून अधिक असा चढ एक किलोमीटर वा त्याहून लांब असल्यास मर्यादा निम्मी करावी, असे त्यांत सांगितले आहे. दिवसात नऊ तासांहून अधिक व विश्रांतीविना पाच तासांहून अधिक काम घेऊ नये आणि तापमान ३७° से. हून अधिक असेल त्या भागात दुपारी १२ ते ३ या वेळात जनावर जुंपू नये, अशीही तरतूद आहे. पाणंदीवरून सडकेवर येणारा लहानसा पण उभा चढ मात्र लांबीच्या अटीमुळे या सवलतीच्या बाहेर राहतो आणि उसाच्या वाहतुकीत नेमका तोच चढ नित्य लागतो.

बंगलोर येथील भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक एन्. एस्. रामस्वामी यांनी १९७० नंतरच्या दशकात देशातील बैलगाड्यांचा व जनावरांच्या शक्तीचा विस्तृत अभ्यास केला. चाक, जू, ब्रेक व भाराचा तोल या सर्वांची सुधारणा एकत्रच व्हावयास हवी, केवळ टायर बदलून भागणार नाही, हा विचार त्यातून पुढे आला. कारखान्याच्या आवारात टायर मिळतो, परंतु सुधारलेले जू व ब्रेक सहसा मिळत नाहीत, या वस्तुस्थितीकडे त्यामुळे लक्ष वेधले गेले.

एंजिनाची वाहने : रस्ता सोडून चालणाऱ्या एंजिनाच्या वाहनात चाकाच्या वजनाचा प्रश्न निराळे रूप धारण करतो, कारण तेथे चाक ओढले जात नाही, तर तेच वाहन ढकलते. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीप सु. १,१०० किग्रॅ. वजनाची, ६० अश्वशक्तीची व ६.००–१६ मापाच्या टायरांची होती. महायुद्धानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत या जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे शासकीय खाती, साखर कारखाने व बागायतदार यांच्यामार्फत ती महाराष्ट्राच्या कच्च्या वाटांवर सर्वत्र दिसू लागली. तिच्या टायरचा व्यास सु. ७१ सेंमी. येतो. त्याऐवजी ८० सेंमी. व्यासाचे टायर बसविल्यास वाहनाचा तळ ४.५ सेंमी. उंच होतो व खड्डे पार करणे सोपे जाते. परंतु एंजिनाच्या त्याच पिळाने जमिनीवर मिळणारा जोर सु. ११ टक्क्यांनी घटतो. चारही चाकांचे वजन मिळून घेरावर ६० किग्रॅ.ने वाढले, तर वेग घेताना ते जवळजवळ १२० किग्रॅ. वाढल्यासारखे भासते. एकूण वजनाच्या हे सु. एक-दशांश आहे. बैलगाडीत नगण्य ठरलेला हाच परिणाम येथे वेगामुळे प्रकट होतो. शिवाय चाकाचे वजन स्प्रिंगांच्या खाली असल्याने खडबडीत वाटेवर जड चाक उसळले की लवकर जमिनीवर टेकत नाही. पकड सुटते, सुकाणू जड होते, ब्रेकवर व धारव्यांवर ताण येतो. म्हणून अशा वाहनाला टायर रुंद हवा, पण चाक हलके हवे, असा सर्वसाधारण नियम आहे. चंद्रावर १९७१ मध्ये चालविलेल्या अमेरिकन गाडीची चाके विणलेल्या तारेची करण्यामागे हलकेपणा व रुंद टेक हाच हेतू होता.

ट्रॅक्टर हा याला अपवाद आहे. नांगर किंवा ट्रॉली ओढताना चालक चाक घसरू नये म्हणून त्यावर पुरेसा भार लागतो. त्यासाठी मागील चाकांना बिडाची वजने जोडतात किंवा टायरमध्ये पाणी भरतात. ट्रॅक्टरचा वेग कमी असल्याने फिरत्या वजनाचा तोटा थोडा व पकडीचा फायदा मोठा असतो. भाताच्या चिखलणीसाठी मात्र वजनाऐवजी रुंदी वाढविणारी पिंजऱ्याच्या आकाराची लोखंडी चाके बसवितात. जड चाक चांगले की वाईट याला एकच उत्तर नाही. चाक जोर लावणारे आहे की ओढले जाणारे, वेग किती आहे आणि जमीन घट्ट आहे की मऊ, या तीन गोष्टींवर ते अवलंबून असते.

सद्यःस्थिती : ट्रॅक्टर व ट्रक यांमुळे ऊस-वाहतुकीतील बैलगाडीचा वाटा घटला आहे, तथापि जेथे रान लहान, पाणंद अरुंद व कारखाना जवळ आहे तेथे टायरगाडी अद्याप दिसते. राजारामनगर (जि. सांगली) येथील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये जुवाखाली टेकणारे एक लहान आधारचाक तयार केले. जमिनीवर फिरणारे हे तिसरे चाक बैलांच्या मानेवरील ओझे स्वतःवर घेते. गाडीत अधिक माल मावावा म्हणून चाक सुधारण्याची दीर्घ परंपरा या प्रदेशात आहे; हे आधारचाक मात्र बैलाचा भार कमी व्हावा याच हेतूने जोडलेले आहे.